निळ्या दोऱ्याचा चमचा

“मावशी, बादली उघडीच आहे.”

“आत्ताच उघडलीय गं. लाल्यानं अंगावर दूध ओतून घेतलं, त्याला पुसायला पाणी घेतलं.”

“हो, पण उघडी राहिली ना.”

मावशींनी एका हाताने लाल्याला कडेवर सावरले, दुसऱ्या हाताने बादलीवर झाकण ठेवले आणि वर एक जाडजूड पाट ठेवला. मग ताईकडे वळून म्हणाल्या, “घे. आता हत्ती आला तरी सोंड आत जायची नाही. झालं समाधान?”

ताई ओशाळून हसली. समाधान झाले नव्हते. बोलता बोलता तिने खिडकीच्या जाळीला बोट लावून ती हलते का ते पाहून घेतले होते, आणि मावशींनीही ते पाहिले होते.

तिला ताई हे नाव कॉलेजात पडले होते. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ती एकटीच लग्न झालेली, एकटीच दीड वर्षाच्या मुलाची आई. बाकीची पोरे मागच्या बाकावरून “ताई, नोट्स!” अशी हाक मारत आणि ती पिशवीतून नोट्स काढायला जाई तेव्हा आधी डायपर बाहेर येई. घरी नवरा तिला वकिलीणबाई म्हणून चिडवी. पाळणाघरात मात्र तिला स्वतःचे नावच नव्हते. तिथे ती होती ‘हिरव्याची आई’.

ही मावशींची पद्धत. पाळणाघर म्हणजे त्यांच्याच तळमजल्यावरच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. मुलांचे चमचे एकमेकांत मिसळू नयेत, एकाची सर्दी दुसऱ्याला लागू नये, म्हणून प्रत्येक चमच्याच्या दांड्याला त्यांनी वेगळ्या रंगाचा दोरा गुंडाळलेला होता. आणि ज्याचा जो दोरा, तेच त्याचे नाव. लाल्या, पिवळी, जांभळ्या. ताईच्या मुलाचा दोरा हिरवा, म्हणून तो हिरव्या. घरी त्याला खऱ्या नावाने हाक मारली तर तो ढिम्म हलत नसे. ‘हिरव्या’ म्हटले की मान वळवी.

ओट्याच्या वर भिंतीला एक लाकडी पट्टी होती, तिच्या खाचांत हे चमचे टांगलेले असत. सगळ्यांत कडेला निळ्या दोऱ्याचा एक होता. त्या चमच्याने जेवणारे कोणीच नव्हते.

“हा कोणाचा हो?” ताईने पहिल्याच आठवड्यात विचारले होते.

“आहे एकाचा,” मावशी म्हणाल्या होत्या, आणि बटाटा कुस्करायला लागल्या होत्या.

खरे तर ताईची चिंता आधी एवढी नव्हती. ती वाढली बातम्यांमुळे.

कॉलेजात पहिल्याच तासाला सरांनी सांगितले होते, “पुस्तकातला कायदा जुना होतो. रोज बातम्या वाचा.” मग त्यांनी फळ्यावर कायद्याच्या बातम्या देणाऱ्या साइट्सची नावे लिहिली. कुठल्या न्यायालयात काल काय झाले, कोणता न्यायाधीश काय म्हणाला, कोणता कायदा बदलला, सगळे तिथे ताजे ताजे मिळे. “आणि एक ध्यानात ठेवा,” खडू खाली ठेवत सर म्हणाले होते, “बातमीच्या तळाशी निकालाची प्रत असते. ती उघडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मथळा वाचून मत देणारा वकील माझ्या शत्रूलाही मिळायला नको.”

त्यातल्या एका साइटवर महिन्याभरापूर्वी नवी सोय आली: आपल्याला हवा तो शब्द नोंदवून ठेवायचा. तो शब्द ज्या बातमीत येईल ती बातमी सकाळी फोनवर हजर. वर्गातल्या कोणी ‘जामीन’ दिला, कोणी ऐट म्हणून ‘पेटंट’ दिला. ताईचे बोट क्षणभर अडखळले आणि तिने ‘पाळणाघर’ असा शब्द टाकला.

तेव्हापासून तिची सकाळ पालटली. एका हाताने दूध ढवळावे, दुसऱ्या हाताने बातमी सरकवावी. कुठे खिडकीची जाळी निखळली होती, कुठे पाण्याच्या टबाशी मूल एकटे सापडले होते, कुठे अनोळखी माणूस ‘मी काका’ म्हणून पोराला घेऊन गेला होता. वाचताना तिला भीती वाटे हे खरे. पण त्या भीतीच्या तळाशी कुतूहलही बसलेले असे. खिडकीची उंची कोणी मोजली? जाळी आधीच सैल होती हे सिद्ध कसे केले? काका म्हणवणाऱ्याला दार उघडणाऱ्या बाईला न्यायाधीशांनी काय विचारले? ती निकालाच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाई आणि तोवर दूध उतू जाई.

आणि मग पाळणाघरात जाऊन ती जाळीला बोट लावून बघे.

असे महिनाभर चालले. शेवटी तिने या सगळ्याचे सार काढून एक हमीपत्र तयार केले. बादल्या झाकलेल्या ठेवीन, खिडक्या तपासून घेईन, आईबापांनी सांगितलेल्या माणसांखेरीज कोणाच्याही हाती मूल देणार नाही, विचारल्याशिवाय औषध पाजणार नाही. वर ‘न्यायालयाच्या निकालांना अनुसरून’ अशी ओळ, मग कलमे, उपकलमे, खाली सहीची जागा. आयुष्यातला तिचा पहिला मसुदा. छापून आणल्यावर तो तिने दोनदा नुसता हातात धरून बघितला.

नवऱ्याने तो वाचला आणि कपाळाला हात लावला.

“अगं, त्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यातच उभी केलीस की!”

“काहीतरीच. सगळीकडे असतं असं. नियमच आहे.”

“आपला पोरगा तिच्याकडे गेल्यापासून गुबगुबीत झालाय. हे कुठल्या कलमात घातलंस?”

“तू बातम्या वाचत नाहीस.”

“नाही वाचत म्हणून तर झोपतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कागद ओट्यावर ठेवला. मावशी चमचे विसळत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, कागदाकडे पाहिले, पण उचलला नाही. वरच्या ओळीतले ‘न्यायालय’ एवढेच त्यांनी वाचले असावे. त्यांचा नेहमी हसरा असणारा चेहरा एकदम मिटला.

“हे काय आणलंस?”

“काही नाही हो मावशी, नुसती सही. आपल्या दोघींच्याही सोयीसाठी.”

“मी नाही करायची.”

“अहो पण यात तुमच्या विरोधात काहीच—”

“पोरी,” मावशींचा आवाज चढला नव्हता, उलट खाली उतरला होता. “कोर्टाच्या कागदावर परत सही करायची नाही मला. पंधरा दिवस ठेवते तुझ्या पोराला. तोवर दुसरी जागा बघ.”

ताईच्या तोंडचे पाणी पळाले. परीक्षा तोंडावर आलेली. दोन वर्षांखालच्या मुलाला घेणारे दुसरे पाळणाघर तिने वर्षापूर्वी गावभर हिंडून शोधले होते. एकही सापडले नव्हते. सासर दूर, माहेर त्याहून दूर. मावशींनी नाही म्हटले तर परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की हे वर्ष गेले. आणि एकदा घरात बसले की पुन्हा उठणे किती कठीण, हे तिने बाळंतपणात पाहिले होते.

“मावशी, चुकलं माझं. कागद फाडून टाकते.”

“फाड नाहीतर ठेव. तुझा विश्वास नाही ना, मग कशाला जिवाला घोर लावून घेतेस? ये रे हिरव्या.”

हिरव्या तुरुतुरु त्यांच्याकडे गेला. त्याने आईकडे वळूनही पाहिले नाही.

बसथांब्यावर उभी असताना ताईला रडू यायला हवे होते. पण तिच्या डोक्यात भलताच किडा वळवळायला लागला होता. मावशी म्हणाल्या, परत. परत सही करायची नाही. म्हणजे आधी एकदा केली होती. कुठे? कशासाठी?

मनात पाल चुकचुकली. या बाईवर कधी खटला तर झाला नसेल? आणि आपण पोर त्यांच्याच पदरात टाकून आलो?

दुपारचा तास बुडवून ती वाचनालयातल्या संगणकासमोर बसली. साइटच्या जुन्या बातम्यांत ‘पाळणाघर’ टाकले. ढीगभर आल्या. गावाच्या न्यायालयाचे नाव टाकले, ढीग पातळ झाला. त्यातल्या बहुतेक तिने आधीच चाळलेल्या होत्या. एकेक बाजूला सारत ती मागे मागे गेली, आणि एका मथळ्यावर थबकली.

‘चमचा टाकून बापाकडे धावतो: पाळणाघरचालिकेच्या साक्षीनंतर मुलाचा ताबा वडिलांकडे.’

चमचा.

तिने बातमी उघडली. नवरा-बायको वेगळे झालेले, मूल चार वर्षांचे, दोघांनाही ते हवे होते. मुलाची ओळख कळू नये म्हणून सगळी नावे काढून टाकलेली; आईच्या जागी ‘अ’, बापाच्या जागी ‘ब’. आईच्या वकिलाने पाळणाघर चालवणाऱ्या बाईला साक्षीला बोलावले आणि उलटतपासणीत तीच बाई म्हणाली, की बाप घ्यायला आला की पोरगा हातातला चमचा टाकून धावत सुटतो. बातमी तेवढ्यावरच फिरली होती. वाचणाऱ्याला वाटावे, त्या एका वाक्याने आईचे मूल गेले.

ताईलाही तसेच वाटले. पण सरांचे बोलणे आठवले. तिने तळाशी जाऊन निकालाची प्रत उघडली.

निकाल लांबलचक होता. नावे इथेही झाकलेली. पण झाकणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट निसटली होती. साक्षीच्या परिच्छेदात लिहिले होते: ‘साक्षीदार या बालकाचा उल्लेख निळ्या असा करते.’

पट्टीच्या कडेला टांगलेला तो चमचा तिला डोळ्यांसमोर लख्ख दिसला.

मग मात्र ती जागची हलली नाही. पुढे काय, मागे काय, कोणी काय विचारले, ती वाचत राहिली. वाचता वाचता तिच्या लक्षात आले की बातमी आणि निकाल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मथळ्यात ‘साक्षीनंतर’ लिहिले होते. साक्ष आधी झाली आणि ताबा नंतर दिला, यात खोटे काही नव्हते. पण साक्षीमुळे दिला, असे कुठेच नव्हते. मधले सगळे बातमीने गाळले होते.

आणखीही एक गोष्ट तिला तिथेच उमगली आणि तिची तिलाच लाज वाटली. न्यायालयात पोचते ती बिनसलेली गोष्ट. जिथे मुले जेवली, झोपली आणि संध्याकाळी घरी गेली, त्या पाळणाघराची बातमी कोण देणार? ती महिनाभर सगळ्या जगाची मोडतोड वेचून आणत होती आणि मावशींच्या दारात ओतत होती.

तिने निकालाची ती पाने छापून घेतली.

संध्याकाळी ती पोचली तेव्हा बाकीची मुले गेली होती. हिरव्या चटईवर बसून एका डब्यात दुसरा डबा कोंबत होता. मावशी ओट्याशी उभ्या होत्या. तिच्या हातातले कागद पाहताच त्यांची मान ताठ झाली.

“आणलास पुन्हा?”

“सहीचा नाही, मावशी. वाचून दाखवायचाय. निळ्याचा निकाल आहे.”

मावशींच्या हातातला चमचा पाण्याच्या पातेल्यात पडला. त्यांनी तो लगेच उचलला नाही.

“तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. शोधला. तुम्ही ‘परत’ म्हणालात ना, म्हणून.”

मावशी खाली बसल्या. हिरव्या त्यांच्या मांडीला टेकला तसा त्यांचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला.

“तीन महिन्यांचा होता आला तेव्हा,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडेच पहिलं पाऊल टाकलं. त्याची आई माझ्यासमोर रडली, म्हणाली, मावशी, तुम्ही फक्त येऊन खरं सांगा. गेले. खरं सांगितलं. ती कशी जपते, तेही सांगितलं. मग त्या दुसऱ्या वकिलानं विचारलं, बाप आल्यावर पोरगा काय करतो? आता काय करतो ते करतो. धावायचाच तो. मी खोटं कसं बोलू? शपथ घेतलेली. खाली सही केली. नंतर कोणीतरी फोनवर ती बातमी दाखवली मला. वर मोठ्या अक्षरात माझंच वाक्य. पोर बापाकडे गेलं, इथं यायचं थांबलं. त्याची आई पुन्हा दारात आली नाही. येईल कशाला? मीच तर तोडलं तिचं पोर.”

“तुम्ही बातमी पूर्ण वाचलीत?”

“वरचं वाचलं. खाली नाही वाचवलं.”

“बातमीत खालीही नव्हतंच ते. इथे आहे.” ताई चटईवर त्यांच्यासमोर बसली. “नीट ऐका हं. ‘या साक्षीवरून ताबा ठरवता येत नाही. साक्षीदार सांगते की वडील आले की मूल धावत जाते. तीच सांगते की आई निघून गेल्यावर ते बराच वेळ दाराशी उभे राहते. मूल दोघांचेही आहे, एवढेच यातून दिसते.’”

“हे मी म्हणाले होते,” मावशी पुटपुटल्या. “दाराचं. कोणी लिहून घेतलं नसेल असं वाटलं होतं.”

“घेतलंय. पुढे ऐका. ‘साक्षीनंतर मुलाच्या आईने स्वतः अर्ज केला. तिला दीर्घ आजार आहे, उपचारासाठी दुसऱ्या गावी राहावे लागेल, तेव्हा मुलाला वडिलांकडे ठेवावे आणि आपल्याला भेटू द्यावे, अशी तिची विनंती आहे. ताबा या अर्जावरून देण्यात येत आहे.’”

मावशींनी ताईच्या हातातला कागद आपल्याकडे ओढला, त्या ओळीवर बोट ठेवले आणि ओठ हलवत स्वतः वाचली. मग पुन्हा वाचली.

“आजारी होती?”

“हो.”

“आणि मी म्हणत होते, येत नाही. रागावलीय.” त्यांनी डोळे पुसले नाहीत; ते वाहू दिले. “बरी झाली असेल का गं?”

“ते यात नाही, मावशी. यात फक्त तेवढंच असतं.”

“अजून काय आहे माझ्याबद्दल? पुढे वाच.”

ताई अडखळली. पुढची दोन वाक्ये तिने वाचनालयात वाचली होती आणि ती गाळायची असे बसमध्ये ठरवून आली होती.

“काही विशेष नाही.”

“थांबलीस म्हणजे काहीतरी आहे. गाळू नकोस. गाळलेलं वाचून वाचूनच तर ही वेळ आली.”

ताईने कागद परत घेतला. “‘ही साक्षीदार दोन्ही बाजूंबद्दल सारखेच खरे बोलते. निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी तिचे काहीच जाणार नाही, म्हणून तिच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवता येतो.’”

हिरव्याचा डबा डब्यात बसला आणि त्याने स्वतःच टाळ्या वाजवल्या.

“विश्वास ठेवला म्हणायचा,” मावशी म्हणाल्या.

“हो. पूर्ण.”

“मग बरं.” त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “काहीच जाणार नाही म्हणाले. माझं काय गेलं ते त्यांना तरी कोण सांगणार.”

ताई हिरव्याच्या पायांत बूट चढवू लागली. मावशी तिच्याकडे पाठ करून ओट्याशी उभ्या राहिल्या. पातेल्यातले चमचे त्यांनी एकेक करून विसळले, पुसले, खाचेत अडकवले. लाल, पिवळा, जांभळा, हिरवा.

“उद्या त्याच्या डब्यात कच्चं गाजर घालू नकोस,” त्या तिकडूनच म्हणाल्या. “दाढा येतायत त्याच्या. उकडून दे.”

“उद्या?”

“का, तुझं कॉलेज नाही उद्या?”

“आहे,” ताई म्हणाली. “आहे ना.”

“मग लवकर आण. आणि त्या जाळीला रोज बोट लावतेस ते बंद कर. तुझ्या बोटानंच ढिली होईल ती.”

ताई हसली आणि तिचे डोळे भरून आले. हिरव्याला कडेवर घेऊन ती दाराशी गेली. चपला घालताना तिने मागे पाहिले. मावशींनी पट्टीच्या कडेचा निळ्या दोऱ्याचा चमचा काढला होता. सकाळपासून त्याला कोणाचा हात लागला नव्हता. त्यांनी तो नळाखाली धरला, इतर चमच्यांसारखाच बोटाने चोळून धुतला, दोरा ओला झाला म्हणून पदराच्या टोकात घट्ट दाबून कोरडा केला, आणि पुन्हा त्याच्या जागी अडकवला.